रंगीत अंड्यांसाठी जवारी (गावठी) कोंबड्यांची पैदास: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्यांसाठी धागा

शिवारकट्टा

परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यांना आता निळ्या-हिरव्या अंड्यांची हौस लागली आहे. येळ्ळूर, कडोलीपासून संकेश्वर-निपाणीपर्यंत जो भेटेल तो विचारतो, निळी अंडी देणारी कोंबडी कुठं मिळेल? म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी दोन गोष्टी. एक, खरा शोध कोंबडीचा नाही, कोंबड्याचा घ्यायचा असतो. दोन, या नादात घरच्या जवारी कोंबड्या बाजारात नेऊन विकू नका. रंग बाहेरून आणता येतो. आपल्याकडचा पावसाळा सोसणारी, आपणहून खुडूक (अंडी उबवायला) बसणारी, घार दिसली की पिल्लं पंखाखाली ओढणारी कोंबडी बाहेरून आणता येत नाही. ती पिढ्यान् पिढ्या याच मातीत निवडली गेली आहे.

आता रंगाचं. कवच मुळात पांढरंच असतं, चुन्याचं. त्यावर रंगद्रव्यं दोनच. तपकिरी रंगाचं नाव प्रोटोपॉर्फिरिन, निळ्याचं बिलिव्हर्डिन. जगातलं कुठल्याही रंगाचं कोंबडीचं अंडं या दोघांच्या कमी-जास्त मिसळीतून होतं. अंडं तयार व्हायला साधारण 25-26 तास लागतात, त्यातले वीसेक तास कवच बनण्यात जातात. निळा रंग कवच बनताना आरपार मुरतो. तपकिरी मात्र बहुतेक शेवटच्या काही तासांत, वरच्या अंगालाच बसतो. तपकिरी अंडं फोडा, आतली पातळ साल नखानं सोलून काढा, आतून पांढरंफेक दिसेल. निळं अंडं आतूनही निळंच. हिरवं अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरीचा हात फिरलेला; ते आतून निळं निघतं. कुणी निळी-हिरवी म्हणून महागात उबवायची अंडी देत असेल तर त्याच कोंबडीचं एक अंडं समोर फोडून आत बघा, मगच पैसे द्या.

निळ्या रंगाचा गुण चिलीच्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांत होता, त्यातूनच अराउकाना जात आली. चीनमध्येही डोंगशियांग नावाच्या कोंबड्यांत तो वेगळा, स्वतंत्रपणे आला. एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत घुसून बसला आणि त्यामुळं कवचात निळं द्रव्य साठायला लागलं, हे 2013 साली संशोधकांनी दाखवलं. दोन्हीकडं विषाणूचा तुकडा एकाच जातीचा, पण बसण्याची जागा थोडी वेगळी. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. एक रोग येऊन गेला, आणि त्याची खूण अंड्यावर राहिली.

आपल्या कामाचं म्हणजे हा गुण वरचढ आहे. आईकडून किंवा बापाकडून एकदा जरी आला तरी अंड्यावर दिसतो. तपकिरीचं तसं नाही. ती बऱ्याच जनुकांची मिळून कमाई, हळूहळू गडद होते आणि हळूहळूच फिकी पडते.

नवी_खुराडेवाली

दादा, मी अनगोळला राहते, गच्चीवर सहा कोंबड्या आहेत. निळ्या अंड्याच्या जातीचा कोंबडा आणून यांच्यात सोडला तर यांची अंडी निळी होतील का?

शिवारकट्टा

नाही ताई. हा गैरसमज खूप जणांचा आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या स्वतःच्या अंगातला, कोंबड्याच्या जोडीनं तो बदलत नाही. तुमच्या सहा कोंबड्या आहे तीच अंडी देणार. ती अंडी उबवून ज्या तलंगा (तरण्या कोंबड्या) निघतील, त्या मोठ्या होऊन रंगीत अंडी देतील.

हिशेब असा. कोंबडा दोन्ही बाजूंनी निळ्याचा असेल, म्हणजे त्याला आई आणि बाप दोघांकडून तो गुण आला असेल, तर त्याची सगळीच्या सगळी तलंग रंगीत अंडी देणार. तुमच्या कोंबड्या फिकट तपकिरी अंड्यांच्या असतील तर पोरी हिरवट अंड्यांच्या होतील. कोंबड्याला गुण एकाच बाजूनं असेल तर निम्म्या पोरी रंगीत, निम्म्या साध्या. एकेरी गुणाचा कोंबडा आणि एकेरी गुणाची कोंबडी यांची जोडी लावली तर चारात तीन रंगीत, आणि त्यातली एक दुहेरी गुणाची. पुढची पक्की पैदास त्या एकीवर उभी राहते.

अडचण ही की कोंबडा अंडं देत नाही, त्यामुळं त्याच्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही. तपासायला त्याला साध्या अंड्यांच्या कोंबड्यांत ठेवा आणि पोरींची अंडी बघा. एक जरी साधी निघाली तर कोंबडा एकेरी. आठ पोरी लागोपाठ रंगीत निघाल्या, तर एकेरी कोंबड्याकडून असं घडण्याची शक्यता 256 मध्ये एक एवढीच असते. त्या कोंबड्याला सांभाळा, जत्रेला कापू नका.

निपाणीकर

मी दोन वर्षं हेच करालोय. यूट्यूबवर एक जण सांगतो, पिल्लं मोठी व्हायची वाट कशाला बघता, तुरा बघा. बसका, तीन बारीक ओळींचा तुरा असलेली पिल्लं ठेवायची, एकच उभा दातेरी तुरा असलेली काढून टाकायची. मी तसंच केलं. बसक्या तुऱ्याच्या सात तलंगा वाढवल्या, त्यातल्या दोघींचीच हिरवी अंडी. बाकीच्या पाचींची आमच्या जुन्या कोंबडीसारखीच. हे काय गौडबंगाल आहे सांगा की ओ.

शिवारकट्टा

एक विचारतो. तुमच्या कोंबड्यांत असीलचं, म्हणजे झुंजीच्या जातीचं, रक्त आहे का?

निपाणीकर

आहे की. आमच्या आजोबांच्या वेळेपासून असील आहेत. आता शुद्ध नाहीत, पण उंच पायाच्या, ताठ मानेच्या निघतात.

शिवारकट्टा

मग गौडबंगाल सुटलं. हे सगळ्यांनी वाचा, कारण आपल्या भागात बहुतेकांच्या खुराड्यात असीलचा अंश आहे.

तो यूट्यूबवाला खोटं बोलत नाही, पण त्याची गोष्ट त्याच्या देशातली आहे. बसक्या तुऱ्याचं जनुक आणि निळ्या अंड्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर, एकमेकांच्या अगदी शेजारी बसलेत. शेजारी असल्यामुळं ते पिलात बहुतेक वेळा जोडीनंच उतरतात, शंभरात थोड्याच वेळा सुटे होतात. अराउकानाचा तुरा बसका, अंडी निळी. तिकडच्या लोकांच्या बाकीच्या कोंबड्या एकेरी उभ्या तुऱ्याच्या. म्हणून तिथं बसका तुरा दिसला की निळा गुण आला असं धरून चालतं.

आपल्या असीलचा तुराही बसकाच. पण असीलच्या गुणसूत्रावर त्या तुऱ्याशेजारी निळा गुण नाही, साधा आहे. तुमच्या पिलाला बसका तुरा निळ्या कोंबड्याकडून आला की असील आईकडून, हे तुऱ्याकडं बघून सांगता येत नाही. पाच तलंगांचा तुरा आजोबांच्या असीलचा, दोघींचा तुमच्या नव्या कोंबड्याचा.

उपाय आहे. निळ्या गुणाच्या कोंबड्याखाली पैदाशीला फक्त उभ्या दातेरी तुऱ्याच्या जवारी कोंबड्या ठेवा. मग पोरींत जो बसका तुरा दिसेल तो बापाचाच, आणि त्याच्याबरोबर बहुतेक निळा गुणही. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही दिवसांतच चोचीच्या मुळाशी बोट फिरवून तुरा कळतो: एकच धार लागते की रुंद, खडबडीत पट्टी. असीलच्या कोंबड्यांना वेगळं ठेवा. त्या टाकून देऊ नका, अंगानं भक्कम आहेत, दुसऱ्या कामाला येतील.

आणि उलटंही लक्षात ठेवा. क्रीम लेगबार म्हणून इंग्लंडात तयार केलेली निळ्या अंड्यांची जात आहे, तिचा तुरा उभा एकेरी आणि डोक्यावर पिसांचा झुबका. त्या रक्ताचा कोंबडा असेल तर तुऱ्याचा हिशेब पूर्ण सोडा.

निपाणीकर

एवढं कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या हंगामाला उभ्या तुऱ्याच्या चार निवडून घालतो. धन्यवाद.

वडगावची_मावशी

माझं जरा वेगळं. आमच्या सासूबाईंपासून कोंबड्या आहेत, आता माझ्या सुना बघतात. आम्ही कधी निळंबिळं बघितलं नाही. पण आमच्याकडं एक लालसर कोंबडी होती, तिचं अंडं गुलाबी झाक मारायचं, वर पावडर लावल्यासारखं. पुसलं की तपकिरी दिसायचं. तिच्या पोरींत एकीचंच तसं निघालं. हे पण रंगीत अंड्यातच धरायचं का?

आणि बाजारात काळी अंडी कडकनाथची म्हणून विकतात, ते खरं का?

शिवारकट्टा

मावशी, धरायचं म्हणजे काय, पहिलं धरायचं. अंडं बाहेर येण्याआधी त्याच्यावर शेवटचा एक पातळ थर बसतो, तो अंड्याची भोकं बुजवून जंतू आत जाऊ देत नाही. काही कोंबड्यांचा तो थर जाड आणि पांढुरका असतो. तपकिरीवर तो बसला की गुलाबी-जांभळी झाक दिसते. म्हणून अंडी धुवायची नाहीत, उबवायची तर अजिबात नाहीत. शेण लागलं असेल तर कोरड्या फडक्यानं खरवडा.

काळी अंडी खोटी. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, 2018 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडंसुद्धा काळपट. पण अंडं फिकट तपकिरी, कधी गुलाबीसर, आपल्या जवारीसारखंच. काळं अंडं दाखवलं तर ते रंगवलेलं आहे.

संकेश्वरी

रंगवलेल्या अंड्यांवरून सांगतो. पांढरी फार्मची अंडी चहाच्या पाण्यात बुडवून जवारी म्हणून विकणारे आहेत. मला सांगितलेलं की व्हिनेगर लावा, रंग निघाला तर खोटं. मी घरच्या कोंबडीच्या अंड्याला लावून बघितलं तर त्याचाही रंग निघाला! मग ओळखायचं कसं?

पशुवैद्य_चिकोडी

व्हिनेगरची परीक्षा चुकीची आहे. आम्ल कवचाचा चुनाच विरघळवतं, तपकिरी रंग वरच बसलेला असल्यामुळं त्याच्याबरोबर तोही सुटतो. खरं-खोटं दोन्ही निघणार. साधं ओलं फडकं वापरा. घोळवलेला रंग बहुतेक वेळा साध्या पाण्यानं फडक्याला लागतो, अंड्याचा स्वतःचा सहसा लागत नाही. आणखी एक, चहात बुडवलेल्या अंड्यांचा रंग सगळ्यांचा एकसारखा असतो. खऱ्या जवारीच्या टोपलीत दोन अंडी एका रंगाची मिळणं मुश्कील. एकावर ठिपके, एक टोकाला गडद, एक पांढुरकं.

दुकानात नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा असतो, त्याखाली अंधारात तपकिरी अंडं धरून बघा. लालभडक चमकतं. प्रोटोपॉर्फिरिनचा तो गुण आहे. पोरांना दाखवा, खुश होतात.

आता डॉक्टर म्हणून जरा बोलतो. रंग अचानक फिका पडला तर आधी जात बघू नका, तब्येत बघा. मानमोडी (राणीखेत) आणि श्वासाचा संसर्गजन्य रोग यांत कवच फिकं, सुरकुतलेलं, पातळ येतं. कोंबडी बरी झाली तरी अंडं कधीकधी तसंच राहतं. कॉक्सिडिओसिसवरचं (रक्ती हगवणीवरचं) निकार्बाझिन नावाचं औषध चुकून अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात गेलं तर तपकिरी अंडी थेट पांढरी पडतात. ब्रॉयलरचं खाद्य अंड्यावरच्या कोंबड्यांना घालू नका त्याचं हेही एक कारण. कोंबडी घाबरली, कुत्र्यानं पाठलाग केला, तर अंडं वेळेआधी बाहेर पडतं किंवा आत अडकून राहतं, रंगाचा शेवटचा हात नीट फिरत नाही. अंडं घालायची जागा अंधारी आणि निवांत पाहिजे.

लस चुकवू नका. पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लासोटा लशीचा डोळ्यात थेंब, पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की गंबोरो रोगाची लस, पुढं लासोटाचा दुसरा डोस, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं आर-टू-बी इंजेक्शन. वर्षभर निवडून तयार केलेली तलंग एका मानमोडीत जाते. लस बर्फात आणा आणि उघडल्यावर लगेच संपवा, अर्धी बाटली उद्याला ठेवू नका.

खानापूर_पश्चिम

आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. जूनपासून खुराडं कोरडं ठेवणं हेच काम. आम्ही जमिनीपासून हातभर वर बांबूची माची करून, खाली राख आणि कोरडी माती टाकतो. मुंगूस आणि रानमांजराची भीती कायम.

एक विचारायचं होतं. रानातले रानकोंबडे आमच्या परड्यात येतात. गावातले काही जण म्हणतात, रानकोंबडीची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली घातली तर रंग आणि ताकद दोन्ही येईल.

शिवारकट्टा

हे करू नका. रानकोंबडा वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याची अंडी उचलणंसुद्धा गुन्हा. भीमगड अभयारण्य तुमच्या उशाशी आहे, वनखात्याचं लक्ष असतं. कायदा बाजूला ठेवला तरी त्याची अंडी फिकट, बदामी. निळा रंग तिथून मिळणार नाही.

तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. आपल्या कोंबड्यांची पिवळी तंगडी याच करड्या रानकोंबड्याकडून आलेली आहे, असं जनुकांच्या तपासात निघालं. बाकी बहुतेक सगळं लाल रानकोंबड्याकडून, पण पिवळी कातडी आपल्या सह्याद्रीतल्या पाहुण्याची. हजारो वर्षांपूर्वी कुठंतरी जोडी जमली. तेवढं पुरे आहे.

संकेश्वरी

सगळं बरोबर, पण एवढा खटाटोप कशाला? निळ्या अंड्यात ताकद जास्त असते म्हणून शहरात चढा भाव लावतात. ते तरी खरं का?

शिवारकट्टा

नाही. कवचाच्या रंगानं आतल्या अंड्यात काही फरक पडत नाही. बलक पिवळाधमक होतो तो मका, हिरवा पाला, लसूणघास, शेवग्याचा पाला खाल्ल्यानं. त्याचा कवचाशी संबंध नाही. मोकळं फिरणारी, किडे-मुंग्या खाणारी कोंबडी चांगलं अंडं देते, मग ते कुठल्याही रंगाचं असो. निळं म्हणून औषधी सांगून कुणी विकत असेल तर त्याला विचारा कशावरून. मी स्वतः असं सांगून विकणार नाही, आणि या धाग्यावर कुणी विकू नये अशी विनंती.

खटाटोप कशासाठी, तर दोन कारणं. एक, लहान पोरं खुराड्यात रोज डोकावतात, कोंबडीशी नातं जुळतं. दुसरं मोठं. रंगासाठी निवड करायची म्हटली की कुठली कोंबडी कुठलं अंडं देते, कुणाचा बाप कोण, हे लिहून ठेवायला लागतं. आपल्याकडं जवारी कोंबड्यांचं कुणीच काही लिहून ठेवत नाही. दिसेल तो कोंबडा, मिळेल ती कोंबडी. त्यामुळं जात पातळ होत चालली आहे. गिरिराजा, ग्रामप्रिया आल्या, चांगल्या आहेत, अंडी भरपूर देतात, पण त्या संकरित आहेत. त्यांची पिल्लं आईसारखी एकसारखी निघत नाहीत, आणि त्या सहसा खुडूकही बसत नाहीत. गावात सगळीकडं त्यांचे कोंबडे फिरले तर दहा वर्षांनी खुडूक बसणारी कोंबडी शोधावी लागेल.

नवी_खुराडेवाली

मग बाहेरचा निळा कोंबडा न आणता घरच्यांतूनच काही करता येईल का? गच्चीवर जागा कमी.

शिवारकट्टा

येईल ताई, आणि मी तर म्हणतो तिथूनच सुरुवात करा. निळा नाही येणार, तो गुण अंगात असल्याशिवाय कुठल्याच खाद्यानं येत नाही. पण पांढुरका, बदामी, गुलाबी, ठिपक्याचा, गडद तपकिरी, एवढे रंग जवारीत असतातच.

प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधा. कुणाचं अंडं कुठलं कळत नसेल तर संध्याकाळी एकीच्या मागच्या बाजूला खाण्याच्या रंगाचं बोट लावा, दुसऱ्या दिवशी तिच्या अंड्यावर त्याचा पट्टा येतो. अंड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि धाग्याचा रंग लिहा. पेन नको, शाई आत जाते. रंगाची तुलना करताना दोघी एकाच टप्प्यावर पाहिजेत: पिसं गाळून नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी गडद अंडं देते, तीच हंगामाच्या शेवटी फिकं देते.

गडद तपकिरी हवं असेल तर सगळ्यात गडद अंडं देणारीचा मुलगा कोंबडा म्हणून ठेवा. लोक कोंबड्याचा रुबाब बघून ठेवतात, त्याची आई कोण हे बघत नाहीत. पुढच्या पिढीचं निम्मं अंडं त्याचं असतं. सख्ख्या भावंडांची जोडी मात्र सारखी लावू नका, अंडी कमी उबतात. आपण दहा-बारा जण मिळून दर वर्षी कोंबडे अदलाबदल करू शकतो, वडगावचा अनगोळला, अनगोळचा कडोलीला.

वडगावची_मावशी

ही गोष्ट चांगली आहे. माझ्याकडं त्या गुलाबी अंडेवालीचा नातू आहे, तांबडा, उभ्या तुऱ्याचा. कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. बदल्यात दुसरा चांगला कोंबडा द्या.

उबवणीचं माझ्याकडून ऐका. खुडूक कोंबडीखाली दहा-बाराच्या वर अंडी घालू नका, पंखाबाहेरची गार पडतात. डालग्यात भाताचं पिंजर घाला, खाली कडुलिंबाचा पाला म्हणजे उवा होत नाहीत. सात-आठ दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नका. आम्ही एक लोखंडी खिळाही ठेवतो, ढगांच्या गडगडाटात अंडी बिघडतात अशी जुनी समजूत आहे म्हणून.

पशुवैद्य_चिकोडी

यंत्रात उबवणाऱ्यांसाठी: साडेसदतीस अंश, सुरुवातीला आर्द्रता 50-55 टक्के, अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद आणि आर्द्रता 65 च्या वर. गडद तपकिरी आणि हिरव्या अंड्यांत बॅटरी लावून आतलं नीट दिसत नाही, सातव्या दिवशी कळलं नाही तर दहाव्या दिवशी परत बघा, घाईनं फेकू नका.

परदेशातून उबवायची अंडी पार्सलनं मागवण्याच्या भानगडीत कुणी पडू नका. परवान्याशिवाय ते बेकायदेशीर आहे आणि बर्ड फ्लूचा धोका आहे. देशातल्याच हौशी पाळणाऱ्यांकडून घ्या, आणि नवीन पक्षी आणला की तीन-चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

नवी_खुराडेवाली

मावशी, तुमचा तांबडा कोंबडा मी नेते. आमचा सध्याचा पांढरा कोंबडा त्याच्या बदल्यात चालेल का? पण मग किती दिवसांनी अंडी बसवायची, म्हणजे पिल्लं तांबड्याचीच असतील?

शिवारकट्टा

कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. पांढरा बाहेर काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी खाण्यात घाला, मग तांबडा सोडा आणि त्यानंतर आठवड्याभरानं मिळणारी अंडी बसवा. त्या तीन आठवड्यांत तांबडा वेगळा राहू दे, डॉक्टर म्हणाले तसं. पांढऱ्याच्या आईच्या अंड्याचा रंग माहीत असेल तर तेवढा मावशींना लिहून द्या.

वडगावची_मावशी

चालेल बाई. रविवारी ये, दुपारनंतर. येताना डालगं घेऊन ये, पिशवीत घालून नेऊ नको त्याला.